चाळीस पदरी चिलखत



वैशाखातल्या या उकाड्यात अंगावरचा सुती सदरासुद्धा नकोसा होतो. अशा वेळी दहा किलो लोखंडाच्या अंगरख्याविषयी बोलावयास उभे राहणे हे काही श्रोत्यांवर दया करणाऱ्याचे लक्षण नव्हे. पण वसंत व्याख्यानमालेत वक्त्याला विषय निवडण्याची मोकळीक असते आणि श्रोत्याला उठून जाण्याची. त्या दोन्ही मोकळिकींचा मान राखून मी आज 'चिलखत' हा एकच शब्द आपल्यापुढे ठेवणार आहे. त्याच्या पाठोपाठ त्याची भावंडे येतील, त्यांना मी अडवणार नाही.

एका शब्दासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. कारण सांगतो. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपणां सर्वांस आनंद झाला, मलाही झाला. पण आनंदाबरोबर एक निराळाच उत्साह जागा झालेला मला दिसतो. मराठीतले 'परके' शब्द वेचून काढावेत, त्यांच्या याद्या कराव्यात आणि त्यांना सीमेबाहेर पोचवून यावे, असा तो उत्साह आहे. हा विचार नवा नाही. सावरकरांनी, माधव जूलियनांनी भाषाशुद्धीचा कैवार घेतला होता, आणि तो विद्वत्तेने घेतला होता. माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन, ज्यांनी १९२५ साली स्वतः फार्शी-मराठी कोश सिद्ध केला, ते काय काढायला सांगत आहेत हे त्यांना पक्के ठाऊक होते. आजच्या यादीवाल्यांबद्दल तेवढी खात्री देता येत नाही. हद्दपारीचा हुकूम सोडण्यापूर्वी आरोपीची चौकशी तरी करावी, एवढेच माझे म्हणणे. आजचे व्याख्यान ही ती चौकशी समजावी.

आधी वस्तू पाहू, मग शब्दाकडे वळू. चिलखत म्हटले की आजच्या मुलांच्या डोळ्यांपुढे विलायती चित्रपटातला तो पत्र्याचा माणूस उभा राहतो. डोक्यापासून पायापर्यंत चकचकीत पत्रा, आणि चालताना डबे वाजल्यासारखा आवाज. आपले चिलखत तसे नव्हे. ते लोखंडी कड्यांचे विणकाम होते. लोखंडाची तार काढावयाची, तिच्या बारीक कड्या करावयाच्या, प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकवावयाची, कडीची दोन्ही टोके ठोकून चपटी करून त्यांना भोक पाडावयाचे आणि आत केसासारखी खीळ बसवून ती मिटवावयाची. एका अंगरख्याला अशा हजारो कड्या लागत. लोहाराचे काम आणि विणकराची चिकाटी या दोहोंचा तो संगम होता. असे चिलखत जमिनीवर टाकले तर मासोळीच्या जाळ्यासारखे गोळा होऊन पडते, उचलले तर अंगासारखे अंग धरते. हैदराबादेला जाणारी आपली माणसे सालारजंग संग्रहालयात घड्याळाचे ठोके ऐकावयास गर्दी करतात. त्यांनी पुढच्या खेपेस शस्त्रांच्या दालनातही थोडे रेंगाळावे, आणि धातूचे अंगरखे दिसले तर पत्रा कोणता आणि वीण कोणती हे न्याहाळावे.

या विणीचा गुण असा की तलवारीचा वार तिच्यावर आला तर धार कापीत जात नाही. कड्या सरकतात आणि वाराचा जोर आजूबाजूस पसरतो. तिचा दोष असा की अणकुचीदार टोकाने नेमकी एक कडी गाठली तर ती उकलते, आणि गुर्ज किंवा सोटा यांचा घाव आला तर कडी शाबूत राहून आतले हाड मोडते. म्हणून नुसते लोखंड कोणी अंगावर घालीत नसे. आत कापसाने भरलेला, दोऱ्याने टाके घातलेला जाड डगला असे. हा कापसाचा डगला ध्यानात ठेवा. चौकशीत त्याची साक्ष लागणार आहे.

आता इंग्रजांनी या वस्तूस काय म्हटले ते पाहा. कड्यांच्या चिलखतास ते 'मेल' म्हणतात. शाळेतला चौकस मुलगा लगेच विचारतो, मेल म्हणजे टपाल ना? नव्हे. टपालाची मेल आणि अंगावरची मेल या सख्ख्या तर नव्हेतच, चुलत बहिणीही नव्हेत. टपालाचा शब्द जुन्या फ्रेंचमधील थैलीवाचक शब्दावरून आला. पत्रे थैलीतून जात म्हणून थैलीचे नाव पत्रांस पडले, पुढे ती थैली नेणाऱ्या आगगाडीसही मेल म्हणू लागले. चिलखताचा 'मेल' मात्र लॅटिन 'माकुला' या शब्दापासून फ्रेंचच्या वाटेने आला. माकुला म्हणजे डाग, ठिपका, आणि जाळ्याचे भोकही. म्हणजे इंग्रजाने चिलखताला नाव दिले ते त्यातल्या लोखंडावरून नव्हे, लोखंडातल्या पोकळीवरून. छातीवर बांधावयाच्या चिलखतास इंग्रजीत 'क्युरास' म्हणतात. त्याचे मूळ कातडे या अर्थाच्या शब्दात आहे, कारण लोखंडापूर्वी छातीवर कातडेच होते. आणि दुसऱ्या महायुद्धात जगाचा थरकाप उडवणारा जर्मनांचा 'पान्झर' हा शब्द मुळात पोटावर बांधावयाच्या पट्ट्याचा, जुन्या फ्रेंचमधील पोटावरून निघालेला. पोटपट्ट्याचा रणगाडा झाला. शब्दांची कुंडली मांडू लागलो की अशा गमती फार.

हे विलायती दाखले मी पांडित्य मिरविण्यासाठी दिले नाहीत. त्यांतून एक गोष्ट दिसते: चिलखताची नावे वस्तू बदलली तरी तीच राहतात. कातड्याचे नाव लोखंडाला, पोटपट्ट्याचे नाव गाडीला. आपल्या चिलखताचेही काहीसे तसेच झाले असावे, असे मला वाटते.

मोल्सवर्थच्या कोशाने चिलखताला फार्सीचा शिक्का मारला, आणि पुढच्या कोशकारांनीही तो फार्सीच मानला. अबुल फजलच्या ऐने-अकबरीत अकबराच्या शस्त्रागाराची यादी दिली आहे. तिच्यात 'चिहिलकद' नावाचे एक अंगावर घालण्याचे संरक्षक वस्त्र येते. फार्सीत 'चिहिल' म्हणजे चाळीस. त्याच घराण्यातला दुसरा शब्द 'चिल्ता'. त्याची फोड चिहिल अधिक तह, म्हणजे चाळीस घड्यांचे, चाळीस पदरांचे. हा चिल्ता कापडाचा असे. पदरावर पदर ठेवून, टाके घालून शिवलेला, आणि पुढे पुढे त्यावर धातूच्या खिळ्यांची टिकली जडवलेला.

चिहिलकदचे चिलखत कसे झाले? येथे कानाने ऐकावयाचे. फार्सीतल्या घशातून निघणाऱ्या 'क'चा मराठी माणूस पुष्कळदा 'ख' करतो. 'वक्त'चा आपण 'वखत' केला. शेवटचा 'द' आपण 'त' करतो. 'मदद'ची 'मदत' झाली, 'पसंद'चे 'पसंत' झाले. आता चिलकद या शब्दात मधल्या 'क'ला वखताच्या वाटेने न्या आणि शेवटच्या 'द'ला मदतीच्या वाटेने न्या. चिलखत हातात येते. दरबारी लेखणीने नव्हे, छावणीतल्या, पेठेतल्या मराठी जिभेने हे काम केले आहे. परक्या शब्दाला तिने आपल्या उखळात घालून कुटले, तेव्हाच तो तिच्या घशाखाली उतरला.

राहिला तो चाळिसाचा आकडा. तो कोणी मोजून पाहू नये. फार्सीत चाळीस म्हणजे पुष्कळ. इस्फहानला 'चिहिल सुतून' नावाचा महाल आहे, नावाप्रमाणे चाळीस खांबांचा. प्रत्यक्षात खांब वीस आहेत, आणि उरलेले वीस समोरच्या तळ्यातल्या पाण्यात मोजतात. फकीर चाळीस दिवस एकांतात बसतो त्याला 'चिल्ला' म्हणतात, तो याच चिहिलचा. आणि हा चिहिल आपल्याला अगदीच अनोळखी आहे असेही नाही. संस्कृत चत्वारिंशत् आणि फार्सी चिहिल एकाच आजीची नातवंडे. चत्वारिंशत्‌वरून आपले चाळीस आले, आणि उतारवयात नाकावर बसते ती चाळिशीही. म्हणजे ज्या शब्दाला यादीवाला परका म्हणून दाराबाहेर काढू पाहतो, त्याचा अर्धा भाग त्याच्याच नाकावर बसून ती यादी वाचीत असतो!

कापडाच्या चाळीस पदरांचे नाव लोखंडी कड्यांना कसे लागले, हा प्रश्न राहतो. माझा तर्क सोपा आहे. आत कापसाचा डगला आणि वर कड्यांची वीण, असे दोन्ही अंगावर एकदमच चढत. घालणाऱ्याला ती एकच वस्तू. कोटाच्या अस्तराला निराळे नाव कोण देतो? आतल्याचे नाव वरच्यावर गेले, आणि डगला विसरला गेला तरी नाव लोखंडाला चिकटून राहिले. ज्याला हा तर्क पटत नसेल त्याने दुसरा सांगावा, मी आनंदाने ऐकेन. काळाचा विनोद मात्र पाहण्यासारखा आहे. बंदूक आली आणि लोखंडी वीण निकामी ठरली. पुढे १९६५ साली अमेरिकेत स्टेफनी क्वोलेक नावाच्या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी 'केव्हलार' हा विलक्षण चिवट धागा शोधला. आज पोलीस आणि जवान गोळीपासून बचावासाठी जे जाकीट घालतात, त्यात या जातीच्या धाग्याचे कापड पदरावर पदर ठेवून शिवलेले असते. म्हणजे माणूस लोखंडाकडून फिरून पुन्हा त्या अनेक पदरी कापडाकडेच आला. चिलखत या शब्दाचा मूळ अर्थ तीनशे-चारशे वर्षांनी खरा झाला, आणि आपण मात्र त्या जाकिटाला 'बुलेटप्रूफ' म्हणतो.

आता चिलखताच्या एका भावंडाकडे वळतो, कारण त्याच्यावाचून मराठी माणसाचे या विषयाशी असलेले नाते कळणार नाही. ते भावंड म्हणजे 'जिरे'. जिरेटोपातले जिरे. सभासमारंभात पाहुण्याच्या डोक्यावर हल्ली जो मखमली, मोत्यांच्या झुबक्याचा टोप ठेवतात, त्याला जिरेटोप म्हणतात. पाहुणा कृतार्थ होतो, छायाचित्र निघते. पण जिरे म्हणजे काय, असे विचारले तर पुष्कळांची नजर मसाल्याच्या डब्याकडे जाते. या जिऱ्याचा फोडणीशी संबंध नाही. फार्सी 'जिरिह' म्हणजे कड्यांचे चिलखत. हा शब्द फार जुना. पारशी बांधवांच्या अवेस्ता ग्रंथातही त्याचा पूर्वज आढळतो. जिरेटोप म्हणजे लोखंडी कड्यांची झालर असलेला, मान आणि खांदे झाकणारा लढाईचा टोप. मखमलीच्या जिरेटोपात जिरेच नाही. नुसता टोप उरला आहे. 'जिरेबख्तर' हा जोडशब्द आपण म्हणतो, त्यातही जिरे म्हणजे कड्यांची वीण आणि बख्तर म्हणजे अंगावरचे दुसरे चिलखत. ऐने-अकबरीच्या यादीत जिरिह आणि बगतर असे दोन्ही आहेत.

हे सांगण्याचे कारण पुढे आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस, जिंजीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवछत्रपतींची बखर लिहिली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली, तो प्रसंग तिच्यात आहे. खानाने शस्त्र चालविले ते महाराजांच्या अंगातल्या कुडतीवर खरखरले, अंगास लागले नाही, असे सभासद सांगतो. या कुडतीला बखरीच्या छापील पाठात 'जरीची कुडती' म्हटलेले आहे. आता जरी म्हणजे सोन्याची तार. फार्सी 'जर' म्हणजे सोने. शालूवर, फेट्यावर शोभणारी ती जरी. मला सांगा, जरीने कट्यार अडते काय? आणि अडली तरी ती 'खरखरेल' काय? लोखंडावर लोखंड घासले म्हणजे जो आवाज होतो तो त्या क्रियापदात स्पष्ट ऐकू येतो. म्हणून ही कुडती जरीची नव्हे, जिऱ्याची. कड्यांची विणलेली कुडती, असे समजावे लागते. मोडी वाचणाऱ्यांना मी सांगावयास नको की मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा कटाक्ष नसतो आणि वेलांटी डोळ्याला चकवते. एका वेलांटीने लोखंडाचे सोने होते. कीर्तनात, पोवाड्यात, शाळेच्या नाटकात आपण हा प्रसंग शेकडो वेळा पाहिला. तेथे महाराजांच्या अंगावर चिलखत असतेच. लोकांच्या स्मरणाने जिरे जपले, आणि छापील अक्षर वाचणारा मात्र जरीत अडकला. तो अडकू नये म्हणून त्याला जिरिह हा फार्सी शब्द ठाऊक असावा लागतो. शुद्धीच्या नावाने असे शब्द आपण पुसून टाकले, तर आपली स्वतःची बखर आपल्याला वाचता येणार नाही. माझ्या आजच्या बोलण्यातला खरा आग्रहाचा मुद्दा हाच आहे.

कोणी म्हणेल, आमच्याकडे 'कवच' होते की! होते, आणि फार थोर होते. ऋग्वेदात 'वर्म' आहे. त्याच्या सहाव्या मंडलात शस्त्रास्त्रांची स्तुती करणारे सूक्तच आहे, त्याचा आरंभ वर्म घातलेल्या वीरापासून होतो. वर्मा हे आडनाव त्यातलेच. अंगावर चिलखत आवळून बांधणे याला संस्कृतात सम् आणि नह् असा धातू आहे, त्यावरून 'सन्नद्ध'. वर्तमानपत्र लिहिते की निवडणुकीसाठी प्रशासन सन्नद्ध झाले, तेव्हा अक्षरशः अर्थ असा की सारे कारकून चिलखत कसून बसले! आणि १२९० साली नेवाश्यास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिच्या दुसऱ्या अध्यायात ज्ञानदेव वज्रकवचाचा दृष्टान्त देतात. शस्त्रांचा वर्षाव झाला तरी वज्रकवच ल्यालेला जसा अभंग राहतो, तसा समबुद्धीचा मनुष्य. त्या काळच्या मराठीत कवच घालीत नसत, 'लेत' असत. दागिना लेतात तसे. तेथे चिलखत नाही. असणार कसे? देवगिरीवर अल्लाउद्दीनाची स्वारी व्हावयाची होती, बहामनी राज्य निघावयास अजून पन्नासाहून अधिक वर्षे होती. फार्सी शब्दांचा लोंढा त्यानंतरचा.

तो लोंढा थोपविण्याचा प्रयत्न खुद्द शिवाजी महाराजांनी केला. राज्याभिषेकाच्या सुमारास त्यांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश रचला गेला. दरबारातल्या यावनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत, आणि त्याचा एक सबंध वर्ग शस्त्रांचा आहे. राजवाड्यांनी जुनी पत्रे तपासून दाखविले की शिवकाळाच्या आधीच्या पत्रात फार्सी शब्दांची जी दाटी दिसते, ती पुढे उतरत उतरत पेशवाईच्या पत्रात पुष्कळच कमी होते. म्हणजे प्रयत्न वाया गेला नाही. अष्टप्रधानांची नावे बदलली, ती टिकली. पण चिलखत गेले नाही. राजाने बदलायला सांगितलेला शब्द राजाच्याच अंगावर राहिला! असे का झाले? मला वाटते, मराठीने या दोन शब्दांत घर वाटून घेतले. कवच मंत्राकडे गेले. रामरक्षेसारखी स्तोत्रे, देवीचे कवच, कर्णाची कवचकुंडले, अंड्याचे कवच, विम्याचे कवच. आणि आता आपल्या आगगाड्यांची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेलाही रेल्वेने 'कवच' हेच नाव दिले आहे. जे डोळ्यांना दिसत नाही पण राखते, ते कवच. जे ठोकले तर वाजते, ते चिलखत. दोहोंपैकी एकाला काढले तर दुसऱ्याला त्याचे काम जमणार नाही.

आता थोडे आपल्या मुलखाविषयी. हा प्रश्न पुण्याच्या माणसाने विचारणे वेगळे आणि नायगावच्या माणसाने विचारणे वेगळे. आपल्याकडे फार्सी-उर्दू ही इतिहासाच्या पुस्तकातली भाषा नव्हती. ती कचेरीतली, कोर्टातली, शाळेतली भाषा होती. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. मराठी मुलाला वरचे शिक्षण हवे तर ते मातृभाषेत मिळत नसे. आपल्या वडीलधाऱ्यांनी हे सोसले आहे, आणि त्यांच्या मनात या शब्दांविषयी कडवटपणा राहिला असेल तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार माझ्यासारख्या पुढच्या पिढीतल्या माणसाला नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारताची सेना सोलापूरच्या बाजूने नळदुर्गावरून हैदराबाद संस्थानात शिरली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालची ती तुकडी चिलखती होती, रणगाड्यांची आणि चिलखती गाड्यांची. १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस आपण मुक्तिदिन म्हणून पाळतो. आता त्या पाच दिवसांतले दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. एक 'चिलखती गाडी' आणि दुसरा 'रझाकार'.

रझाकार या शब्दाचे मूळ फार सोज्वळ आहे. रझा म्हणजे राजीखुशी. राजीखुशीने काम करणारा तो रझाकार. मराठीत सरळ 'स्वयंसेवक'. पण मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात जाऊन रझाकार म्हणजे स्वयंसेवक असे सांगून पाहा बरे! जळलेली घरे, लुटलेली पेवे, रातोरात सीमेपलीकडे हलविलेली बायकामुले, हा त्या शब्दाचा येथला अर्थ आहे, आणि तो कोणताही कोश पुसू शकणार नाही. उलट चिलखत पाहा. त्याचेही मूळ तिकडचेच. पण प्रतापगडाच्या पायथ्याशी त्याने कोणाला राखले, आणि नळदुर्गाच्या रस्त्याने कोणासाठी धूळ उडवीत ते आले, हे आपल्याला ठाऊक आहे. शब्द कोठून आला हे सांगते ते मूळ. अर्थ माणसे देतात, आणि तो बहुधा किंमत मोजून देतात. मूळ पाहून शब्दाला शिक्षा करावयाची तर रझाकाराला निर्दोष सोडावे लागेल आणि चिलखताला हद्दपार करावे लागेल. हा न्याय मला तरी नको.

नवे शब्द घडवूच नयेत, असे मी म्हणत नाही. 'रणगाडा' हा शब्द पाहा. टँकसाठी कोणा जाणत्याने तो योजला असेल, त्याला माझा नमस्कार. रण आणि गाडा. शेतकऱ्याला समजतो, पोराला उच्चारता येतो, कानाला दणकट वाटतो. तो लोकांनी एका पिढीत उचलला. पण लष्कराच्या त्याच शाखेला मराठी वृत्तपत्र 'चिलखती दल' म्हणते. त्या दलाचे शिक्षण-केंद्र आपल्याच राज्यात, अहमदनगरास म्हणजे आताच्या अहिल्यानगरास आहे. तेथे रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. रणगाडा आणि चिलखती दल हे दोन शब्द एकाच बातमीत शेजारी बसतात, आणि त्यांची जात कोणी विचारीत नाही.

चौकशी संपली. पण दोन-तीन साक्षीदार दाराशी थांबले आहेत, त्यांना तसेच परत पाठवणे बरे नव्हे.

पहिला अंगरखा. ऐने-अकबरीच्या त्या लढाऊ यादीत तोही आहे, आणि नावाने सरळ आपल्या बाजूचा; अंगरक्षा किंवा अंगरक्षक यापासूनचा. मोगल बादशहाच्या शस्त्रागारात फार्सी नावांच्या ओळीत हा देशी गडी उभा आहे. देवघेव एकतर्फी नव्हती, याचा एवढा पुरावा पुरे. पुढे त्याने लढाई सोडली. बाराबंदीच्या जोडीने बाजारात, लग्नात, पंचायतीत तो मिरवू लागला. दुसरा मोजा. त्या यादीत लोखंडी मोजे आहेत, पायाचे संरक्षण करणारे. आपण थंडीत लोकरीचे घालतो. तिसरी साक्षीदार स्त्री आहे, आणि ती मला या साऱ्या गोतावळ्यात सर्वांत जवळची वाटते. ती म्हणजे पाखर.

पाखर म्हणजे घोड्याचे किंवा हत्तीचे चिलखत. प्राकृतात 'पक्खर' म्हणजे घोड्याचे कवच. लढाईच्या घोड्यावर पाखर घालीत; मान, छाती, पुठ्ठे झाकले जात. मराठ्यांच्या हलक्या, चपळ घोडदळाला तिची फारशी आवड नसावी. रोज कित्येक कोस दौडणाऱ्या तट्टावर लोखंड कोण लादील? पुढे तोफांनी तिचे उरलेसुरले कामही संपविले. येथून जवळच उदगीर. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी तेथे निजामाला नमविले, आणि त्या मोहिमेत इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता. तोफेच्या गोळ्यापुढे पाखरेचे काय चालणार? वस्तू गेली. शब्द मात्र गेला नाही. तो पागेतून निघाला आणि घरात आला. पाखर म्हटले की पाखराचे पंख आठवतात, कोंबडी पिलांवर पंख पसरते ते आठवते. कानाने ते नाते जोडले आणि शब्दाला नवे अंग फुटले. आईबाप लवकर गेलेल्या पोराविषयी आपल्याकडच्या बाया म्हणतात, 'त्याच्यावर आजोळची पाखर आहे.' म्हणणाऱ्या बाईने घोड्याचे चिलखत कधी पाहिलेले नसते, आणि ऐकणाऱ्यालाही लोखंडाची आठवण होत नाही.